शेतकरी कंपनीत नव्याने रुजू होताय? विदर्भातल्या खेड्यात कारभार कसा चालतो, ते आधी बघा

माझ्या पहिल्याच वार्षिक सभेला गणपूर्ती झाली नाही. सभासद ४१२. कायद्याने एक चतुर्थांश हवेत, म्हणजे १०३. मंडपात मोजून ३१. नोटीस चौदा दिवसांच्या बरीच आधी गेली होती, व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा टाकली होती, आणि मागे वांग्याच्या भाजीचं पातेलं उतरवून ठेवलेलं होतं. दुपारी दोनला मी ऑफिसच्या शिपायाला विचारलं, लोक का आले नाहीत? साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना काकाजी म्हणतात. ते म्हणाले, "आज कर हाय ना साहेब. कराच्या दिवशी कोन येते?"

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. घरोघरी रस्सा शिजत असतो, पाहुणे आलेले असतात, कोणी गाव सोडत नाही. मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलं?

"तुमी तारीख छापून टाकली ना साहेब. मंग आमी काय म्हनाव?"

तारीख चुकली आहे हे संचालकांना माहीत होतं, वजनकाट्यावरच्या पोरांना माहीत होतं, मंडपवाल्यालाही माहीत होतं (त्याने पैसे मात्र आगाऊ घेतले). माहीत नव्हतं ते फक्त मला, आणि मला सांगणं हे कोणाचंच काम नव्हतं. व्यवस्थापनाच्या वर्गात मी दोन वर्षं काढली होती. त्या दुपारी जेवढं कळलं तेवढं तिथे कळलं नव्हतं.

हा लेख शेतकरी उत्पादक कंपनीत, म्हणजे शेतकरीच सभासद आणि मालक असलेल्या कंपनीत, नव्याने मुख्य कार्यकारी म्हणून येणाऱ्यांसाठी आहे. बचत गटांच्या संघात, जिनिंगमध्ये किंवा एखाद्या संस्थेच्या फील्ड ऑफिसात येणार असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

पायरी १ : आपण कोणाचे, हे आधी ठरू द्या

कायदा सांगतो की उत्पादक कंपनीचा मुख्य कार्यकारी पूर्णवेळ असावा आणि तो सभासदांपैकी नसावा. म्हणजे तुम्ही बाहेरचे, हे कायद्यानेच ठरवून दिलंय. त्यात अशा दहा हजार कंपन्या उभारायच्या २०२० साली आलेल्या केंद्रीय योजनेत पहिली तीन वर्षं पगारासाठी महिन्याला २५ हजारांपर्यंत मदत मिळते. त्यामुळे लोकांच्या लेखी तुम्ही सरकारचा माणूस. आणि सरकारच्या माणसाशी कसं वागायचं हे खेड्यात तीन पिढ्यांना पाठ आहे: चहा पाजायचा, हो म्हणायचं, आणि तो जाईपर्यंत वाट पाहायची.

पहिल्या महिन्यात लॅपटॉप कमी उघडा. प्रत्येक संचालकाच्या घरी एकदा जा, संध्याकाळी, गाईगुरं बांधून झाल्यावर. काम काढू नका. नांगरटी, बोअरचं पाणी, पोराचं शिक्षण, जे निघेल ते बोला. "तुमचं गाव कोनतं?" हा प्रश्न येईलच. त्याच्या मागे आडनाव, आडनावाच्या मागे जात, आणि त्यानंतर तुमचा कोणी नातेवाईक या पंचक्रोशीत आहे का, हे येईल. त्रास करून घेऊ नका. तुम्हाला कुठल्या कप्प्यात ठेवायचं याचा तो शोध असतो. गाव सांगा, कामाचं बोला, आणि कप्पा हळूहळू वागण्याने बदलू द्या.

पायरी २ : भाग ओळखा

विदर्भ एक नाही. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम या पट्ट्यात, इंग्रजी अमलात रयतवारी होती; शेतकरी सारा थेट सरकारात भरायचा. पूर्वेकडे नागपूर, भंडारा, चांदा (आताचं चंद्रपूर) भागात मालगुजारी होती; गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरायचा. ती १९५१ मध्ये गेली, पण मालगुजाराचा वाडा आणि त्या घराचा शब्द लगेच गेला नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात काम केलं आणि काही महिने भंडाऱ्याकडे. यवतमाळला संचालक माझ्याशी तोंडावर भांडायचे. भंडाऱ्याकडे सगळे माझ्यासमोर गप्प, आणि एका जुन्या घरातल्या वयस्कर माणसाने मान हलवली की विषय संपला. त्यांच्याकडे कंपनीत कोणतंच पद नव्हतं.

गडचिरोलीची गोष्ट आणखी वेगळी. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा दिली, आणि २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय करत नाही. सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलत राहते, लागलं तर पुन्हा बसते. अशा गावात तुम्ही हात वर करून मतं मोजलीत तर हरलेल्या माणसांचा गट तुम्ही स्वतःच्या हाताने तयार केलात. वेळ लागतो म्हणून चिडाल. पण तिथे एकदा ठरलं की मागे लागावं लागत नाही, हेही बघाल.

नेदरलँड्सचे अभ्यासक गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांची पाहणी करून वरच्याचं वरचेपण लोक किती मुकाट मान्य करतात याचे आकडे काढले होते. भारताचा आकडा ७७, अमेरिकेचा ४०. आकडा खोटा नाही, पण तो कंपनीत नोकरी करणाऱ्यांवरून काढलेला आणि अख्ख्या देशाचा आहे. यवतमाळ आणि भंडारा यांच्यातलं अंतर त्यात दिसत नाही. तुमच्या तालुक्याचा आकडा तुम्हालाच काढायचा आहे, ओट्यावर बसून.

पायरी ३ : 'हव' ऐकायला शिका

इथे होकाराला 'हव' म्हणतात. आणि हव बरेच आहेत.

नुसतं "हव", आणि लगेच पुढचा प्रश्न, म्हणजे "किती वाजता?", "पोते किती आनू?" हा खरा होकार. "हव, पाहू" म्हणजे नाही. "हव, पन पाटलाले विचारून घ्या" म्हणजे मला अडचण नाही, पण माझ्या डोक्यावर घेणार नाही. आणि सगळ्यात धोक्याचा: "तुमी म्हन्ता तं करू." याचा अर्थ असा की हे चालणार नाही हे मला माहीत आहे, फसलं की तुमचं नाव सांगेन.

यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. "चालेल का?" हा प्रश्नच सोडून द्या. त्याचं उत्तर साहेबाला एकच देता येतं. त्याऐवजी विचारा, "यात काय आडवं येईल?" असं विचारलं की नकार देणं हा उद्धटपणा राहत नाही, मदत होते. आणि हे चौघांत विचारू नका. काट्यावर, गाडीवरून जाताना, एकेकट्याला विचारा.

काकाजींच्या बाबतीत मला वर्ष लागलं. पुढच्या वर्षी सभेची तारीख मी कागदावर पेन्सिलीने लिहून त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारलं, काय आडवं येते? त्यांनी चष्मा लावला, बोटावर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "या दिवशी तं उपाध्यक्षाच्या चुलत्याची तेरवी येते." मी त्यांच्यादेखत तारीख खोडली. ते खोडणं त्यांनी पाहिलं. त्यानंतर ते मला न विचारता सांगायला लागले. कधीकधी जरा जास्तच.

पायरी ४ : ठराव कुठे होतो ते शोधा

कागदावर सगळं नीट आहे. संचालक पाच ते पंधरा, तीन महिन्यांतून किमान एक बैठक, एकतृतीयांश पण निदान तिघे हजर, आणि सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच. ते सगळं पाळाच. त्यात कसूर झाली तर नंतर सीए आणि निबंधकांच्या कार्यालयापुढे तुम्हीच उभे राहणार.

पण बैठकीत निर्णय होतो असं समजू नका. बैठक ही साक्षगंधासारखी असते. सोयरीक आधीच जुळलेली असते, इथे फक्त ती चारचौघांत जाहीर होते. जुळते कुठे? पारावर, पानठेल्यावर, बाजारातून परत येताना गाडीवर. एखादा विषय थेट अजेंड्यावर टाकून तुम्ही लोकांना पहिल्यांदा तोंडावर मत द्यायला लावलंत, तर ज्याचं मत विरोधी आहे तो गप्प बसेल आणि बाहेर जाऊन बोलेल.

मी असं करतो: बैठकीच्या आठवडाभर आधी मोठा विषय तिघाचौघांच्या कानावर घालायचा. त्यात विरोध करणारा एक हवाच. त्याचं म्हणणं ऐकून प्रस्तावात खरोखर काहीतरी बदलायचं, आणि बैठकीत सांगायचं की हा बदल अमुक भाऊंनी सुचवला. काहींना याला राजकारण म्हणायचं असेल तर म्हणू द्या. फक्त एक कुंपण घाला: जे चौघांत बोललो तेच इतिवृत्तात यावं, आणि इतिवृत्त बैठक संपण्याआधी मोठ्याने वाचलं जावं. आधीच्या बोलण्यात सोय असते. लपवाछपवी असली तर ती या वाचनात उघडी पडते.

पायरी ५ : काट्यावर कोणाचंच ऐकू नका

आतापर्यंत जे लिहिलं त्यावरून सगळीकडे वाकायचं असा समज झाला असेल तर इथे थांबा.

पहिल्या हंगामातली दुपार. सोयाबीनची खरेदी सुरू होती, बारा टक्के ओलाव्याची अट. एका संचालकांची ट्रॉली लागली. काट्यावरच्या पोराने मूठभर दाणे मशीनमध्ये टाकले, आकडा पाहिला, आणि मशीन हळूच स्वतःकडे वळवलं. मग माझ्याकडे पाहिलं. साडेपंधरा. मागे रांगेत बारा ट्रॉल्या आणि त्यातला प्रत्येक माणूस त्या पोराच्या चेहऱ्याकडे बघत होता. तो पोरगा त्या संचालकांच्या शेजारच्या घरातला. त्याच्या बापाने त्यांच्याकडे साल काढलेले, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबलेला. तो त्यांना "माल ओला आहे" म्हणू शकत नव्हता. माझ्या हातात अधिकार होता आणि मीही म्हणालो नाही. माल बारा लावून घेतला. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत बारा टक्क्यांची अट मेलेली होती.

दुसऱ्या वर्षी दोनच गोष्टी बदलल्या. मशीन उंच टेबलावर, आकड्याची बाजू शेतकऱ्याकडे. आकडा पोराने सांगायचा नाही, माल आणणाऱ्याने स्वतः वाचून मोठ्याने सांगायचा आणि वहीत लिहायचा. आणि खरेदीच्या पहिल्या दिवशी पहिली ट्रॉली अध्यक्षांची. मी त्यांच्याकडे आधीच जाऊन आलो होतो. त्यांचा आकडा तेरा निघाला. त्यांनी तो जरा जास्तच मोठ्याने वाचला, ट्रॉली बाजूला घेतली आणि माल वाळत घातला. त्यानंतर मला कोणाशी वाद घालावा लागला नाही.

नात्याच्या गावात नियम माणसाने सांगितला की तो अपमान होतो. मशीनने सांगितला की तो फक्त ओलावा असतो. म्हणून वजन, ओलावा, भाव आणि रांग या चार गोष्टी माणसाच्या तोंडातून काढून घ्या.

चुकाऱ्याचं, म्हणजे मालाच्या पैशांचंही तसंच. १९७२ पासून या भागाने एकाधिकार कापूस खरेदी पाहिली: बैलगाड्यांच्या रांगा आणि लांबलेले चुकारे. नंतर संस्था बुडालेल्या पाहिल्या. त्यामुळे 'संस्था' म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर अडकलेले पैसे येतात. गावातला व्यापारी भाव कमी देतो, वजनातून काही कापतो, पण नोटा हातावर ठेवतो, आणि रात्री दवाखान्याची वेळ आली तर तोच उसने देतो. त्याला लुटारू म्हणून भाषण करू नका. सभासद मनात हसतात. चुकारा अमुक दिवशी म्हणजे त्याच दिवशी द्या. जमणार नसेल तर आदल्या दिवशी स्वतः सांगा, बोर्डावर चिठ्ठी लावून पळू नका.

पायरी ६ : हाताखालची माणसं

विदर्भात शेतीचं साल गुढीपाडव्याला बदलतं. सालगडी त्या दिवशी ठरतो: वर्षाची रक्कम, वर धान्य, कपडे, अडीअडचणीला उचल. मालक हक्काने रात्री-अपरात्री बोलावतो, आणि गड्याच्या पोरीच्या लग्नात हक्काने उभाही राहतो. यात माया आहे आणि पिळवणूकही, दोन्ही एकाच दोरीने बांधलेल्या. तुमच्या ऑफिसातला माणूस शिकलेला असला तरी नोकरी म्हणजे काय, हे त्याने याच नात्यात पाहिलेलं असतं. म्हणून तो साडेपाचला जायला संकोचतो, पगारवाढ मागत नाही, पण उचल मागतो. आणि तुम्ही त्याच्याकडच्या मयतीला गेला नाहीत तर ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो.

पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० च्या सुमारास मांडलं होतं की भारतीय कार्यालयांत तो प्रमुख चालतो जो माणसाची काळजी घेतो, पण ती काळजी कामाशी बांधून ठेवतो. माझा अनुभव त्याला धरून आहे. मयतीला जा, तेरवीला जा, लग्नात अक्षता टाकून या. उचलीला मात्र लेखी नियम करा: किती, कशासाठी, किती हप्त्यांत. तोंडी उचल दिलीत की तुम्ही मालक झालात, आणि मालकाला खरं कोणी सांगत नाही.

रागवायचं असेल तर एकट्याला, दार लावून. कौतुक मात्र त्याच्या गावच्या माणसांसमोर.

पायरी ७ : जिथे रीत मानायची नाही

आमच्या मंडळावर दोन महिला संचालक होत्या. पहिल्या तीन बैठकांना दोघींचे नवरे आले आणि सही घरून करून आणतो म्हणाले. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. संचालकाच्या जागी दुसरं कोणी बसू शकत नाही, हे मी सांगितलं. पण नियम सांगून त्या येणार नव्हत्या. बैठक सकाळी अकराला, ऐन वेचणीत, आणि तेव्हा त्या कपाशीत असायच्या. मग बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवली. आमच्याकडे मजुरी बाजाराच्या दिवशी वाटतात, त्या दिवशी शेतातलं काम थांबतं आणि बायका तशाही तालुक्याला येतात. त्या यायला लागल्या. नवरे बाहेर चहा पीत बसले, आणि दोन-तीन बैठकांनंतर तेही यायचे थांबले. त्यांच्यातल्या एकीने पहिल्यांदा तोंड उघडलं ते बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, भावावर. तो भाव आम्ही जास्त देत होतो आणि बाकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जातीचं नाव कोणी घेणार नाही, पण ते तुम्हाला बसण्यात दिसेल. खुर्च्या कमी पडल्या की कोण आपोआप उठतो, पाणी कोण देतो, चहाचा कप कोण स्वतःचा धुतो, ते बघा. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज ज्या अमरावती जिल्ह्यात जन्मले तिथेही हे दिसतं, त्यांच्या फोटोखाली. इथे आस्ते जाण्याच्या मताचा मी नाही. भाषण करू नका, पण सोय बदला: सगळ्यांना सतरंजी किंवा सगळ्यांना खुर्च्या, एकसारखे कप, आणि ते धुवायला एक पगारी माणूस. माझ्या ऑफिसात पहिल्या दिवसापासून सतरंजी आहे. एक ज्येष्ठ संचालक गुडघेदुखी सांगून दोन बैठकांना आले नाहीत. तिसऱ्या बैठकीला गुडघा बरा झाला.

भिंतीवर लावायचं वेळापत्रक

हे कॉपी करून तुमच्या गावाप्रमाणे बदला.

मृग लागला की पेरणी उरकेपर्यंत कसलीच सभा नाही. ज्याचं बियाणं जमिनीत पडायचं आहे तो तुमचं ऐकत नाही, फक्त समोर बसलेला असतो.

आषाढी, नागपंचमी, पोळा आणि कर, गणपती, महालक्ष्म्या: वार्षिक सभा सप्टेंबरअखेर उरकायची असते आणि नेमकं हे सगळं त्याच काळात येतं. म्हणून तारखेची चर्चा जुलैतच सुरू करा, पेन्सिलीने.

दसरा ते दिवाळी सोयाबीन. लोकांना पैसे लागतात. या काळात बोलणं कमी आणि चुकारे जास्त.

दिवाळीनंतर वेचणी. बैठक घ्यायचीच तर बाजाराच्या दिवशी.

फेब्रुवारीत तूर घरात आलेली असते आणि उन्हाळा लागायचा असतो. प्रशिक्षण, अभ्यास दौरा, नवे सभासद, भांडणं मिटवणं, जे काही निवांतपणे करायचं ते याच दिवसांत.

मार्च संपायच्या आत पगार आणि उचलीचे हिशेब मिटवा. पाडव्याला काट्यावरचं एखादं पोरगं नवीन ठिकाणी साल धरून निघून जाईल, आणि ते तुम्हाला आदल्या दिवसापर्यंत कोणी सांगणार नाही. काकाजींना विचारून ठेवा.